नावापुरता आढावा: खरं नाव कुठे, टोपणनाव कुठे

हा आढावा शब्दशः नावापुरता आहे. ॲपचा वेग, रंगरूप, जाहिराती यांच्याशी इथे कर्तव्य नाही. खातं उघडताना समोर येणाऱ्या ‘नाव’ या रकान्यात खरं नाव लिहावं की टोपणनाव, आणि लिहिलेलं टोपणनाव ती सेवा कितपत झाकून ठेवते, एवढंच पाहिलं आहे.

मुळात घोळ होतो तो खात्याला एकच नाव असतं असं धरून चालल्यामुळे. प्रत्यक्षात चार असतात. पहिलं, ज्याने लॉगिन करता तो ईमेल किंवा मोबाइल नंबर. दुसरं युजरनेम, जे त्या सेवेत एकमेव असतं आणि बहुधा रोमन अक्षरांतच चालतं. तिसरं दर्शनी नाव, म्हणजे मजकुराच्या डोक्यावर ठळक दिसतं ते. चौथं एखाद्या ग्रुपपुरतं घेतलेलं नाव, पण ते सगळीकडे मिळत नाही. लोक जपतात ते तिसरं. टोपणनाव फुटतं ते मात्र जवळजवळ नेहमी पहिल्यातून. त्यामुळे सेवा निवडताना पहिला प्रश्न हा, की ही चार नावं एकमेकांपासून खरोखर तोडता येतात का. दुसरा प्रश्न, नाव बदललं तर जुनं पुसलं जातं का. आणि तिसरा, जो कोणाला वेळेवर सुचत नाही: पासवर्ड हरवला तर ‘हे खातं माझंच’ हे टोपणनावाचा माणूस सिद्ध कसं करणार?

या कसोट्यांवर डिसकॉर्ड बराच पुढे आहे. ही ‘सर्व्हर’ म्हणवल्या जाणाऱ्या गटांत गप्पा मारण्याची सेवा. २०२३पर्यंत तिथे नावामागे चार आकडी शेपूट असायचं, त्यामुळे एकाच नावाचे हजारो लोक सुखाने नांदायचे. त्या वर्षी ते शेपूट काढायला सुरुवात झाली आणि एकमेव युजरनेम आलं: २ ते ३२ चिन्हं, फक्त छोटी रोमन अक्षरं, आकडे, टिंब आणि अंडरस्कोर. दर्शनी नाव त्याहून वेगळं. तेही ३२ चिन्हांपर्यंत, पण त्यात देवनागरी चालते, मोकळी जागा चालते, दुसऱ्या कोणाचं तेच नाव असलं तरी चालतं. त्यावर प्रत्येक सर्व्हरसाठी निराळं नाव घेता येतं. अभ्यासाच्या सर्व्हरवर खरं नाव आणि खेळाच्या सर्व्हरवर टोपणनाव, एकाच खात्यातून.

ऐकायला छान वाटतं, पण फट इथेच आहे. सर्व्हरवरचं नाव हे नुसतं झाकण. तुमच्या चित्रावर कोणी टिचकी मारली की खाली युजरनेम दिसतं, आणि ते सगळ्या सर्व्हरवर एकच असतं. दोन सर्व्हरवर दोन नावांनी वावरणारा माणूस एकच आहे हे कळायला दोन टिचक्या पुरतात. शिवाय तुम्ही दोघं आणखी कोणकोणत्या सर्व्हरवर आहात तेही समोरच्याला दिसतं. म्हणून दोन वर्तुळं खरोखर वेगळी ठेवायची असतील तर खातीच दोन हवीत. ‘कनेक्शन्स’ हा भागही उघडून पाहा. तिथे जोडलेलं दुसऱ्या सेवेचं खातं प्रोफाइलवर दाखवायचं की नाही, याचं बटण प्रत्येकापुढे वेगळं असतं आणि जोडताना त्याकडे सहसा लक्ष जात नाही. एवढ्या त्रुटी धरूनही १० पैकी ८.

निरोपाच्या ॲपमध्ये सिग्नलची रचना सगळ्यांत विचारपूर्वक केलेली आहे, फक्त ती समजून घ्यावी लागते. नोंदणीला मोबाइल नंबर लागतोच, त्यातून सुटका नाही. पण फेब्रुवारी २०२४मध्ये युजरनेम आलं आणि नंबर न देता संपर्क साधण्याची सोय झाली. या युजरनेमच्या शेवटी किमान दोन आकडे असावेच लागतात. गंमत अशी की हे युजरनेम गप्पांमध्ये कोणाला दिसत नाही. तिथे दिसतं ते प्रोफाइलचं नाव, आणि त्यात काहीही लिहा, कोणी विचारत नाही. युजरनेम हा फक्त दार उघडण्यापुरता पत्ता. एखाद्याला द्यायचा, संपर्क झाला की बदलून टाकायचा. चालू गप्पा तुटत नाहीत.

सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग फोन नंबर. तिथे दोन वेगळे प्रश्न आहेत: नंबर कोणाला दिसावा आणि नंबरवरून मला कोण शोधू शकतं. पहिल्याचं उत्तर ‘कोणालाच नाही’ असं आधीच दिलेलं असतं. दुसऱ्याचं ‘सर्वांना’ असं असतं, आणि ते हाताने बदलावं लागतं. ते राहिलं तर ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर आहे त्याला तुम्ही सिग्नलवर आहात हे कळतं, आणि संपर्क झाला की तुमचं टोपणनावही त्याच्यासमोर येतं. ज्यांच्याकडे नंबर आधीच साठवलेला आहे त्यांच्यापासून तो लपत नाही, हेही ध्यानात ठेवा. १० पैकी ९.

टेलिग्रामचं दिसणं असंच, पण कुलपं सैल. युजरनेम ऐच्छिक आहे, किमान ५ चिन्हांचं, पहिलं चिन्ह अक्षरच हवं. ‘माझा नंबर कोण पाहू शकतं’ इथे ‘कोणीही नाही’ निवडलं की खाली दुसरी ओळ उगवते: ‘नंबरवरून मला कोण शोधू शकतं’. पहिली बदलून लोक मागे फिरतात आणि ही दुसरी ‘सर्वजण’वर तशीच राहते. मग एखादा माणूस शंभर नंबर फोनमध्ये साठवून त्यांतला कोणता नंबर कोणत्या टोपणनावाचा हे निवांत जुळवू शकतो. आणखी एक छोटी चौकट सांभाळायची: नव्या माणसाला संपर्कात घेताना ‘माझा नंबर शेअर करा’ असं विचारलं जातं. तिथे टिक राहिली तर त्या एका माणसापुरती वरची सगळी मेहनत वाया. फॉरवर्ड केलेल्या निरोपांवर तुमच्या खात्याचा दुवा जावा की नाही, याचंही वेगळं सेटिंग आहे. गुण ६.

व्हॉट्सॲपवर टोपणनाव ठेवता येतं, पण त्याला अर्थ फारसा नाही. ज्याने तुमचा नंबर साठवला आहे त्याला त्याने लिहिलेलंच नाव दिसतं, मग तुम्ही प्रोफाइलवर काहीही लिहा. ज्याने साठवलेला नाही त्याला ग्रुपमध्ये तुमच्या नावाआधी एक नागमोडी रेघ दिसते आणि सोबत नंबर. नंबरावरून नाव सांगणारी ॲप्स लोकांच्या फोनमधल्या याद्यांवरच पोसलेली असतात, तेव्हा पुढचं सांगायला नको. इथे सरळ खरं नाव वापरावं. अनोळखी लोकांच्या ग्रुपमध्ये फक्त पहिलं नाव ठेवलं तर निदान आडनावाचा शोध एका पायरीने लांबतो.

आता फेसबुक. नावाच्या बाबतीत सगळ्यांत कडक नियम आणि सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच. नियम असा, की रोजच्या आयुष्यात लोक ज्या नावाने हाक मारतात ते नाव लिहा. कागदोपत्री नावच हवं असा नियम नाही, पण शंका आली की मागतात ते कागदच. नावात चिन्हं, आकडे, विचित्र ठिकाणी मोठी अक्षरं, एकच अक्षर पुन्हापुन्हा, हे चालत नाही. पदवी चालत नाही, म्हणजे ‘डॉ.’ किंवा ‘प्रा.’ लावलेलं नाव अडकतं. एकाच नावात दोन लिप्यांची अक्षरंही चालत नाहीत. अर्धं नाव देवनागरीत आणि आडनाव रोमनमध्ये लिहिणाऱ्यांना हा धक्का बसतो. टोपणनाव पहिल्या किंवा मधल्या नावाच्या जागी चालतं, पण ते खऱ्या नावाचंच लहान रूप हवं. पांडुरंगचा ‘पांडू’ चालेल, ‘काजवा’ नाही. आणि एकदा नाव बदललं की पुढचे ६० दिवस हात बांधलेले, त्यामुळे शुद्धलेखन आधी तपासा.

‘काजवा’साठी तीन वाटा आहेत. पहिली, ‘इतर नावं’ हा रकाना: तिथे टोपणनाव लिहून ते प्रोफाइलवर मुख्य नावाशेजारी दाखवता येतं. लोकांना तुम्ही त्या नावाने सापडावं एवढाच हेतू असेल तर हे पुरेसं आहे. लपण्यासाठी निरुपयोगी. दुसरी, २०२३मध्ये आलेली जादा प्रोफाइलं: एका खात्याखाली आणखी चार, वेगळ्या नावांची. मित्रयादी वेगळी, पण खातं एकच, म्हणून त्या चौघांचा धनी कोण हे फेसबुकला पक्कं ठाऊक असतं. तिसरी, ग्रुपमधली निनावी पोस्ट. ही सोय ग्रुपच्या ॲडमिनने चालू केलेली असेल तरच दिसते. इथे झाकली मूठ सव्वा लाखाची समजून लोक नको ते लिहून बसतात. निनावी पोस्टवरचं खरं नाव सदस्यांना दिसत नाही, पण ॲडमिन आणि मॉडरेटरना दिसतं. वीस जणांचं मॉडरेटर मंडळ असेल तर वीस जणांना. आजारपण, घरातली भांडणं, नोकरीतला त्रास असा विषय असेल तर लिहिण्याआधी ती मॉडरेटरांची यादी उघडून वाचा. एखादं ओळखीचं नाव निघालं तर पोस्ट टाकू नका.

खऱ्या नावाची सक्ती केली की लोक सभ्य वागतात, हा या सगळ्यामागचा जुना युक्तिवाद. त्याची परीक्षा बऱ्याचदा झालेली आहे. ब्लिझार्ड या गेम कंपनीने ६ जुलै २०१० रोजी आपल्या चर्चामंचावर खरी नावं दाखवायचं जाहीर केलं आणि ९ जुलैला निर्णय मागे घेतला. अवघे तीन दिवस. गूगल प्लस जून २०११मध्ये सुरू झालं, त्याच उन्हाळ्यात टोपणनावांची खाती बंद करण्यावरून मोठा वाद पेटला. जुलै २०१४मध्ये ती अट काढली, आणि २ एप्रिल २०१९ रोजी सामान्य वापरकर्त्यांसाठी ती सेवाच मिटली. दक्षिण कोरियाने तर २००७मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवण्याचा कायदाच केला. परिणामी कंपन्यांकडे लोकांच्या खऱ्या ओळखीचे ढीग साठले. जुलै २०११मध्ये तिथल्या एका मोठ्या सेवेतून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि ऑगस्ट २०१२मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने कायदा रद्द केला. फेसबुकनेही २०१४मध्ये रंगमंचावरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलाकारांची खाती बंद पडल्यावर जाहीर माफी मागितली. क्वोराने २०२१मध्ये सक्ती सोडली. फेसबुकचा नियम आजही तोच आहे, म्हणून गुण ४. खऱ्या नावाने वावरणाऱ्यासाठी मात्र ते ७ समजा.

लिंक्डइनबद्दल वाद नाही. तिथे काम मिळवायला जातात, खरं नावच हवं. एवढंच पाहा, की आडनावाऐवजी फक्त त्याचं आद्याक्षर दाखवण्याचं सेटिंग आहे आणि लग्नानंतर किंवा अन्य कारणाने नाव बदललेल्यांसाठी ‘पूर्वीचं नाव’ असा वेगळा रकाना आहे. तो रिकामा ठेवला तर जुन्या नावाने शोधणारा सहकारी रिकाम्या हाती परततो.

एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) नावाची सक्ती नाही. हँडल, म्हणजे तिथलं युजरनेम, १५ चिन्हांपर्यंत, दर्शनी नाव ५० पर्यंत. हँडल बदललं तर जुनं मोकळं होतं आणि दुसरं कोणीतरी उचलू शकतं. म्हणजे तुम्हाला उद्देशून लिहिलेल्या जुन्या उल्लेखांवर उद्या परकाच माणूस बसलेला असेल. पण खरा धोका पहिल्या नावाचा, म्हणजे लॉगिनच्या ईमेल-नंबरचा, आणि त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण याच सेवेने दिलेलं आहे. जून २०२१च्या एका बदलात असा दोष राहिला, की ईमेल किंवा फोन नंबर टाकला की तो कोणत्या खात्याचा हे कळत असे. जानेवारी २०२२मध्ये दोष कळवला गेला, दुरुस्त झाला, पण तोवर कोणीतरी माहिती गोळा केली होती, आणि ती पुढे विक्रीला निघाली. ऑगस्ट २०२२च्या निवेदनात तेव्हाच्या ट्विटरने टोपणनावाने खातं चालवणाऱ्यांना सल्ला दिला: लोकांना माहीत असलेला नंबर किंवा ईमेल खात्याला जोडू नका. कंपनीनेच हे सांगितल्यावर आणखी पुरावा कशाला हवा? सेटिंगमधल्या ‘डिस्कव्हरेबिलिटी’ भागात ईमेल आणि फोन या दोन्हींसमोरची टिक काढा, आणि पूर्वी चढवलेली संपर्कयादीही तिथूनच पुसा.

इन्स्टाग्रामवर तोच रोग वेगळ्या रूपात आहे. टोपणनावाचं खातं उघडायचं, पण त्याच फोनवर, त्याच नंबराने, काँटॅक्ट सिंक (फोनमधली संपर्कयादी सेवेला देणं) चालू ठेवून, हा नेहमीचा घात. दोन दिवसांत चुलतभावाला ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ म्हणून तुमचं ‘गुप्त’ खातं सुचवलं जातं. दर्शनी नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं आणि शोधात तेही धरलं जातं. कविता किंवा चित्रांसाठी खातं असेल तर तिथे कलेचा विषय लिहिणं फायद्याचं.

रेडिटवर युजरनेम एकदा घेतलं की जन्मभराचं. ३ ते २० चिन्हं, रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर, आडवी रेघ. गूगल किंवा ॲपलने लॉगिन केलंत तर सेवा स्वतःच विशेषण, नाम आणि आकडा जोडून काहीतरी बाळबोध नाव देते. ते बदलायची संधी एकदाच, तीही पहिल्या ३० दिवसांत. खातं बंद करताना लोकांची एक ठरलेली चूक होते. खातं पुसलं तरी लिहिलेलं पुसलं जात नाही, लेखकाच्या जागी फक्त ‘डिलीटेड’ येतं. मजकुरातच गावाचं नाव, कंपनीचं नाव असेल तर ते तसंच राहिलं. आधी मजकूर काढा, मग खातं.

विकिपीडियावर ईमेलशिवायही खातं उघडता येतं, हे मोठं सुख. पण ईमेल दिला नाही आणि पासवर्ड विसरलात तर खातं गेलं. नाव बदलून मिळतं, मात्र बदलाची नोंद सार्वजनिक असते आणि चर्चापानांवरच्या जुन्या सह्या तशाच राहतात. खऱ्या नावाने सुरुवात करून नंतर टोपणनावाकडे जाणं इथे जवळपास व्यर्थ आहे. सुरुवातच टोपणनावाने करा.

ब्लूस्काय या एक्ससारख्या सेवेचं वैशिष्ट्य असं, की स्वतःचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, हेच हँडल म्हणून लावता येतं. डोमेनच्या सेटिंगमध्ये (डीएनएस) एक टीएक्सटी नोंद घातली की झालं. खऱ्या नावाने लिहिणाऱ्या पत्रकारासाठी, संस्थेसाठी हा फुकटात मिळणारा ओळखीचा शिक्का आहे, आणि हँडल बदललं तरी खालचा कायम ओळखक्रमांक तोच राहिल्याने अनुयायी तुटत नाहीत. पण हेच टोपणनावाच्या मुळावर येतं. बहुतेक खात्यांच्या त्या कायम क्रमांकाची नोंदवही सार्वजनिक आहे आणि तीत पूर्वीची सगळी हँडल क्रमाने नोंदलेली असतात. आधी खऱ्या नावाचं हँडल घेतलं आणि नंतर बदललं, तर नोंदवही उघडणाऱ्याला दोन्ही दिसतात. मास्टोडॉनवर उलट: युजरनेम बदलतच नाही, फक्त नव्या खात्यावर अनुयायी हलवता येतात. जुन्या पोस्टी मागेच राहतात.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी गिटकडे, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाकडे, वेगळं लक्ष द्यावं. प्रत्येक कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलामध्ये) लेखकाचं नाव आणि ईमेल कायमचं कोरलं जातं, आणि ते गिटहबच्या (असा कोड ठेवण्याच्या संकेतस्थळाच्या) प्रोफाइलवरून येत नाही, तुमच्या संगणकावरच्या गिटच्या सेटिंगमधून येतं. प्रोफाइलवर टोपणनाव, कमिटमध्ये ऑफिसचा ईमेल, हा प्रकार उघड्या प्रकल्पांत हवा तेवढा सापडतो. गिटहबच्या ईमेल सेटिंगमध्ये पत्ता खाजगी ठेवण्याची टिक करा. मग ‘नो रिप्लाय’ असलेला एक पर्यायी पत्ता मिळतो, तो संगणकावरच्या गिटमध्ये घाला. शेजारचीच दुसरी टिक खरा ईमेल असलेलं पुश (कोड वर चढवणं) अडवते, तीही लावा. चूक झालीच तर इतिहास नव्याने लिहावा लागतो. त्याने पुढच्या सगळ्या कमिटचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतात, आणि ज्यांनी आधीच फोर्क (स्वतःची प्रत) घेतला त्यांच्याकडे जुनी प्रत राहतेच. पहिल्या कमिटआधी दोन मिनिटं द्यावीत. टोपणनाव चालेल का? बहुतेक प्रकल्पांत चालतं. लिनक्स कर्नलची (लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याची) कागदपत्रं पूर्वी खऱ्या नावाची मागणी करून टोपणनावांना स्पष्ट नकार देत. २०२३मध्ये शब्द बदलले आणि ‘माहीत असलेली ओळख’ पुरेशी झाली. निनावी योगदान मात्र अजूनही नाही.

टोपणनाव घडवतानाही थोडं तंत्र आहे. टिंब इन्स्टाग्रामला चालतं, एक्सला नाही. आडवी रेघ गिटहबला चालते, डिसकॉर्डला नाही. अंडरस्कोर एक्सला चालतो, गिटहबला नाही. तेव्हा कुठेही न अडखळणारं नाव म्हणजे फक्त छोटी रोमन अक्षरं, सुरुवात अक्षराने, लांबी ५ ते १५. पाच टेलिग्राममुळे, पंधरा एक्समुळे. नावापुढे जन्मसाल लावू नका, ते टोपणनाव राहत नाही.

दर्शनी नाव देवनागरीत ठेवणाऱ्यांसाठी एक हिशेब. ‘लक्ष्मीकांत’ डोळ्यांना चार अक्षरांचं दिसतं, पण संगणकाच्या खात्यात ते ११ चिन्हं आहे: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ ईकार, क, काना, अनुस्वार, त. मर्यादा अशी मोजणाऱ्या ठिकाणी आडनाव मध्येच तुटतं, आणि तुटलं की शेवटी कधी लोंबता हलन्तही राहतो. दुसरी गोची ‘कऱ्हाडे’सारख्या नावांत. त्यातला आडवा रफार दोन प्रकारे टंकता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ने, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. शोधात मात्र एकाने टंकलेलं दुसऱ्याला सापडेलच असं नाही. खऱ्या नावाने लोकांना सापडायचं असेल तर रोमन रूपही कुठेतरी लिहून ठेवावं.

नाव पक्कं करण्याआधी ते शोधयंत्रात अवतरणचिन्हांत टाकून पाहा. शेरलॉक नावाचं मुक्तस्रोत साधन एकच युजरनेम शेकडो सेवांवर एकदम तपासतं. तुम्ही ते नाव मोकळं आहे का हे पाहायला वापराल, दुसरा कोणी तुमचा माग काढायला. म्हणून एका वर्तुळाला एक टोपणनाव. चित्रही प्रत्येकाला वेगळं, कारण फोटोवरून उलटा शोध सेकंदाचं काम आहे. ईमेल वेगळा हवा, आणि मूळ पत्त्यात अधिकचं चिन्ह घालून केलेला ‘वेगळा’ पत्ता चालणार नाही, त्यात खरा पत्ता सरळ वाचता येतो. फायरफॉक्स रिले, सिंपललॉगिन किंवा ॲपलचं ‘हाइड माय ईमेल’ यांचे आडपत्ते वापरा. वर्डमध्ये केलेली फाइल टोपणनावाने पाठवताना गुणधर्मांतला ‘लेखक’ रकाना पाहा. संगणकावर ऑफिस बसवताना दिलेलं नाव तिथे आपोआप बसतं आणि पीडीएफमध्येही उतरू शकतं.

खात्याचं दार बंद झालं तर काय, याची तयारी खातं उघडाल त्याच दिवशी करा. टोपणनावाच्या खात्याला ओळखपत्राचा आधार नसतो, म्हणून रिकव्हरी कोड (दुहेरी पडताळणीचा फोन हाताशी नसेल तर चालणारे कोड) हाच सातबारा. गूगल ८ आकडी १० कोड देतं, गिटहब १६ कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर छापा. त्याच फोनमध्ये त्यांचा फोटो ठेवला तर फोनसोबत तेही गेले.

आणि पैसे. टोपणनावाने लेखन किंवा चित्रं विकणाऱ्याने पेपालचं वैयक्तिक खातं दिलं, तर पैसे पाठवणाऱ्याच्या पावतीवर खरं नाव उमटतं. व्यावसायिक खात्यावर व्यवसायाचं नाव दिसतं. मदतीचं बटण लावण्यापूर्वी एखाद्या विश्वासू माणसाला अगदी किरकोळ रक्कम पाठवायला सांगा आणि त्याच्या पावतीवर, ईमेलमध्ये आणि त्याच्या खात्याच्या उताऱ्यावर काय नाव आलं ते तिन्ही ठिकाणी पाहा. तिन्हींत एकच नाव येईल असं धरू नका.